आरंभींच्या सीडी : संग्रह आणि श्रवण

शंभर वर्षांपूर्वीची वस्तु जमविली तर तो संग्रह, आणि चाळीस वर्षांपूर्वीची जमविली तर ती अडगळ, असा आपल्याकडे एक रूढ समज आहे. तांब्याचीं नाणीं, हस्तलिखित पोथ्या, पितळी समया, फार तर कर्ण्याचा फोनोग्राफ, येथपर्यंत सुशिक्षित घरांचा आदर पोंचतो. सीडीच्या वांट्यास तो अद्याप आलेला नाहीं. ती इतकी जुनी झाली नाहीं कीं तिच्याविषयीं कुतूहल वाटावें, आणि इतकी नवीहि राहिली नाहीं कीं ती रोजच्या उपयोगीं पडावी. फोनोग्राफ कांचेच्या कपाटांत जातो. सीडी भंगारवाल्याकडे जाते, नाहीं तर ज्वारीच्या शेतांत पांखरें हाकण्यासाठीं दोरीला बांधली जाते.

गेल्या उन्हाळ्यांत निलंग्यास आमच्या एका स्नेह्यांकडे चार दिवस राहण्याचा योग आला. ते निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्या माडीवर एका लांकडी कपाटांत सुमारें तीनशें सीडी आणि खालच्या फळीवर दोन जुने प्लेअर आहेत. कांहीं सीडी पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारांतून, कांहीं आखातांत नोकरीस गेलेल्या आप्तांकडून, आणि पुष्कळशा हैदराबादेहून आलेल्या. निलंगा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यांत होता. त्या काळची हैदराबादेची ये-जा जुन्या घरांतून अद्याप पार तुटलेली नाहीं. कपाट उघडतांना स्नेह्यांच्या चेहऱ्यावर देवघराचें दार उघडतांना असावा तसा भाव होता. तो पाहून आम्हांस प्रथम किंचित् हंसूं आलें, हें कबूल केलें पाहिजे. चार रात्री ऐकल्यानंतर तें हंसूं ओसरलें. परंतु अशा संग्राहकांचे सर्वच दावे आम्हांस पटले, असेंहि नाहीं. कोणते पटले व कोणते पटले नाहींत, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

ज्या वस्तूविषयीं बोलावयाचें तिची ओळख आधीं करून घेतलेली बरी. १९८२ च्या ज्या ऑगस्ट महिन्यांत तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतून लातूर जिल्हा वेगळा निघाला आणि निलंगा तालुका त्यांत आला, त्याच महिन्याच्या १७ तारखेस जर्मनींत हॅनोव्हरजवळील लांगनहागन येथें सीडीचें उत्पादन सुरू झालें. त्या वर्षाच्या १ ऑक्टोबरला सोनी कंपनीचा ‘सीडीपी-१०१’ हा पहिला प्लेअर जपानांत विक्रीस आला. त्याची किंमत १,६८,००० येन होती. फिलिप्सचा ‘सीडी-१००’ हा युरोपांतील प्लेअर त्याच्या मागोमाग आला. या दोन कंपन्यांनीं मिळून जें माप ठरविलें तें आजतागाईत बदललेलें नाहीं : व्यास १२ सेंटिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर, आणि पोटांत आंतून बाहेर वळत जाणारी सूक्ष्म खळग्यांची एकच रेघ. ती उलगडून सरळ केली तर पांच किलोमीटरांहून अधिक लांब भरेल. दर सेकंदास आवाजाचें ४४,१०० वेळां मोजमाप घ्यावयाचें, आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एका पायरीवर बसवावयाचें, ही तिची रीत. ध्वनिमुद्रिकेवर सुई घासत जाते. येथें लेसरचा किरण नुसता पाहून जातो. म्हणून शंभराव्या खेपेसहि सीडी पहिल्या खेपेइतकीच ताजी वाजते.

तिच्या रचनेंतील एक गोष्ट आम्हांस विशेष मनोज्ञ वाटली. सीडीवर ओरखडा पडून कांहीं माप वाचतां आलें नाहीं, तर प्लेअर मुद्दाम विखरून ठेवलेल्या राखीव आंकड्यांवरून हरवलेला आंकडा नेमका शोधून काढतो. तेंहि साधलें नाहीं तर शेजारच्या दोन आंकड्यांवरून मधला कल्पून घेतो. कसरीनें खाल्लेली पोथी वाचणारे आपले शास्त्रीबोवा याहून निराळें काय करीत? प्रथम दुसरी प्रत पाहावयाची, आणि ती नसेल तर अर्थावरून अक्षर लावावयाचें. यंत्राच्या पोटांत ही पाठचिकित्सा सेकंदांत अनेक वेळां चाललेली असते, आणि ऐकणाऱ्यास तिचा पत्ताहि नसतो.

आतां संग्राहकांचा पहिला दावा पाहूं. युरोप, अमेरिका व जपान येथील संग्राहक १९८२ पासून पुढच्या पांचसहा वर्षांत निघालेल्या सीडी हुडकून, मोठी किंमत देऊन घेतात. पेटीवर वा सीडीवर ‘पश्चिम जर्मनींत तयार झालेली’ असें छापलेलें असलें कीं त्यांस आनंद होतो. कारण जर्मनीचें एकीकरण १९९० मध्यें झालें, आणि त्या दोन शब्दांनीं सीडीचें वय आपोआप ठरतें. त्यांचें म्हणणें असें कीं, पहिली आवृत्ति हीच खरी आवृत्ति; नंतर सुधारून काढलेल्या सर्व बिघडलेल्या.

या म्हणण्यांत तथ्य आहे, पण तें अर्धें आहे. १९९० नंतरच्या दशकांत बाजारांत एक चुरस लागली. आपली सीडी शेजारच्या सीडीपेक्षां मोठ्यानें वाजावी म्हणून हळू आवाज वर ओढावयाचा, मोठ्या आवाजाचीं शिखरें छाटावयाचीं, आणि सर्व गाणें एका पातळीवर आणून सोडावयाचें, असा क्रम पुष्कळ पाश्चात्य पुनर्मुद्रणांत पडला. डोंगर तासून माळ केला तर चालण्याची सोय होते, पण पाहण्यासारखें कांहीं उरत नाहीं. आरंभींच्या सीडींत हळू तें हळू आणि मोठें तें मोठें राहिलेलें असतें, हा त्यांचा खरा गुण आहे. परंतु त्याच आरंभींच्या काळांत कित्येक सीडी मूळ ध्वनिफितीवरून न काढतां, लाँगप्ले तबकडी कोरण्यासाठीं जी फीत फेरफार करून सिद्ध केलेली असे तिच्यावरूनच घाईनें काढल्या गेल्या. तबकडीच्या गरजेसाठीं केलेले ते फेरफार सीडींत निष्कारण उतरले. सीडीचा आवाज कोरडा व कर्कश असतो अशी जी जुनी तक्रार आहे, तिचें एक मूळ येथें आहे. तेव्हां पहिली तेवढी चांगली, हा नियम टिकत नाहीं.

आणखी एक बारकावा सांगण्यासारखा आहे. आरंभींच्या कांहीं सीडींवर, विशेषतः जपानी सीडींवर, उंच कंपनांचा भाग मुद्दाम उठावदार करून मुद्रित केलेला असतो, आणि वाजवितांना तो पुन्हां खालीं आणावा अशी खूण सीडींतच घातलेली असते. जुना प्लेअर ती खूण ओळखून वागतो. तीच सीडी संगणकावर उतरवून घेतांना ती खूण पुष्कळदां मागें राहते, आणि मग तेंच गाणें टोंचूं लागतें. जुन्या सीडीस नांवें ठेवणाऱ्या कित्येकांनीं सीडी ऐकलेलीच नसते. तिची अशी अर्धवट नक्कल ऐकलेली असते.

मराठवाड्याच्या वाचकांस याबाबत दूर जावयास नको. शके १५०६ मध्यें पैठणच्या एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठांतरांनीं जो ग्रंथ बिघडला होता, त्यांतील अपपाठ निवडून त्यांनीं मूळ वाणी मोकळी केली. जुनेपणाची पूजा आणि पाठाची पारख या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें त्या कार्यावरून शिकावें. एकाच गायनाच्या तीन सीडी निघाल्या असतील तर तिन्ही शेजारीं ठेवून ऐकाव्या आणि मग एक राखावी. हा संग्रह झाला. सर्वांत जुनी तेवढी घेऊन, वेष्टन न फोडतां कपाटांत ठेवावी. ही साठवण झाली. आमच्या स्नेह्यांच्या कपाटांत न फोडलेली सीडी एकहि नव्हती, हें येथें त्यांच्या पक्षीं नमूद केलें पाहिजे.

येथपर्यंतचा विचार परकीय संगीतास जितका लागू आहे तितकाच आपल्या संगीतासहि आहे. परंतु आपल्या संगीतापुरता सीडीचा जो खास प्रश्न आहे, तो पाश्चात्य संग्राहकांच्या ध्यानींमनींहि येण्यासारखा नाहीं. तो प्रश्न वेळेचा आहे.

१९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास गौहरजानचें गाणें प्रथम मुद्रित झालें, तेव्हां तबकडीची मर्यादा तीन मिनिटांच्या आसपास होती. विलंबित एकतालाचें एक आवर्तनच केव्हां केव्हां मिनिटाभराचें असतें. म्हणजे तशा लयींतील ख्यालाचीं तीन आवर्तनें होतांच तबकडी संपावयाची. या अडचणींतून आपल्या थोर कलावंतांनीं एक नवीच कला निर्माण केली. अब्दुल करीमखाँ यांच्या ध्वनिमुद्रिका ज्यांनीं ऐकल्या आहेत त्यांस सांगावयास नको कीं, तीन मिनिटांत राग उभा करणें म्हणजे राग संक्षिप्त करणें नव्हे. तो अत्तराच्या कुपीसारखा प्रकार आहे. पुढें लाँगप्ले तबकडी आली आणि एका बाजूस वीस-पंचवीस मिनिटें मिळूं लागलीं. किशोरी आमोणकरांचा लाँगप्लेवरचा भूप त्या मर्यादेंतच पूर्ण झालेला आहे, आणि त्यांत कांहीं उणें राहिलें असें कोण म्हणेल? तथापि मैफलींतला ख्याल कांहीं त्या मापाचा नसतो. आलाप मंद्रांतून चढत चढत तार षड्जाच्या उंबरठ्याशीं यावा, आणि नेमकें तेव्हांच उठून तबकडी पालथी करावी लागावी, हा अनुभव त्या पिढीच्या श्रोत्यांस चांगला परिचयाचा आहे. कॅसेटीनें तो प्रसंग कांहीं मिनिटें पुढें ढकलला, टाळला नाहीं.

सीडीनें सुमारें ७४ मिनिटें सलग दिलीं. हें माप कसें ठरलें याविषयीं एक आख्यायिका आहे. सोनीचे नोरिओ ओगा यांनीं तरुणपणीं गायनाचें रीतसर शिक्षण घेतलें होतें. बीथोव्हेनची नववी सिंफनी एका सीडींत मावली पाहिजे असा आग्रह धरला गेला, म्हणून ७४ मिनिटें ठरलीं, असें सांगतात. सीडीच्या अभियंत्यांतच या कथेविषयीं मतभेद आहेत. ती खरी असो वा नसो, त्यांच्या सिंफनीसाठीं म्हणून सांगितलें जाणारें माप आपल्या ख्यालाच्या अंगास बेतून शिवल्यासारखें बसलें, एवढें खरें. आपल्या संगीताच्या दृष्टीनें सीडीचें पहिलें महत्त्व तिच्या स्वच्छ आवाजांत नाहीं. एक राग, एक बैठक आणि मध्यें कोणी उठावयाचें नाहीं, हें घरच्या घरीं तिनें प्रथम शक्य केलें, यांत आहे.

निलंग्यास तिसऱ्या रात्रीं याचा प्रत्यय आला. मैफलींतच मुद्रित झालेला एक बागेश्रीचा ख्याल लावला होता. पाऊण तास गेला असेल. माडीवर आम्ही पांचसहा मंडळी होतों, आणि घरचीं मुलेंहि कधीं नव्हे तीं गप्प बसलीं होतीं. गायक धैवतावर रेंगाळत होता, आणि वीज गेली. अंधारांत कोणी कांहीं बोललें नाहीं. मग आमच्या स्नेह्यांच्या पत्नींनीं, ज्यांनीं चार दिवसांत सीडींविषयीं एक अक्षर काढलें नव्हतें, तो अर्धवट राहिलेला आलाप हलक्या आवाजांत पुरा करून समेवर आणून सोडला. वीज आल्यावर प्लेअर अर्थातच पहिल्यापासून सुरू झाला. कोणी तो पुढें ढकलला नाहीं. सर्वांनीं पुन्हां पहिल्यापासून ऐकलें. वीस वर्षें संध्याकाळीं एका घरांत सलग राग ऐकले गेले म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानांत काय मुरतें, हें त्या अंधारांत आम्हांस कळलें. संग्रहाचें सार्थक याहून निराळें काय असावें?

परंतु लांबी म्हणजे थोरवी नव्हे, हेंहि येथेंच सांगितलें पाहिजे. जागा आहे म्हणून भरावयाची, हा मोह सीडीच्या काळांत कित्येकांस आवरला नाहीं. स्टुडिओंत बसून, समोर श्रोता नसतांना, तासाची भरती केलेले राग आम्हीं त्या कपाटांतहि ऐकले. त्यांत तानेमागून तान येते, पण रागाची वाढ होत नाहीं. उलट १९९९ मध्यें निंबस कंपनीनें काढलेला ‘द राग गाइड’ हा संच पाहावा. चार सीडी, त्यांत ७४ राग, आणि सोबत योप बोर व त्यांचे सहकारी यांनीं सिद्ध केलेला ग्रंथ. हरिप्रसाद चौरसिया, बुद्धदेव दासगुप्त, श्रुति सडोलीकर-काटकर आणि विद्याधर व्यास यांनीं त्यांत प्रत्येक राग थोड्या मिनिटांत मांडला आहे. सीडीची सलग ७४ मिनिटें हाताशीं असतांना हे कलावंत जुन्या तबकडीच्या शिस्तीकडे वळले, आणि संच अभ्यासकांस अत्यंत उपयोगी झाला. तेव्हां प्रश्न मिनिटांचा नाहीं. मिळालेल्या वेळाचें काय केलें याचा आहे, आणि संग्राहकाची पारख त्यावरून व्हावी.

याच संचावरून आमची एक जुनी तक्रार पुन्हां जागी झाली. त्यांत रागाचें स्वरूप, आरोह-अवरोह, बंदिशीचे शब्द, कलावंतांची माहिती, सर्व कांहीं नीट छापलें आहे. आपल्याकडील बाजारांत निघालेल्या असंख्य सीडींवर काय असतें? गायकाचा फोटो, रागाचें नांव, आणि किंमत. तबल्याची साथ कोणी केली, हार्मोनियमवर कोण होतें, तानपुऱ्यावर कोणता शिष्य बसला होता, मैफल कोठें व कोणत्या वर्षीं झाली, याचा पुष्कळदां पत्ता नसतो. पत्रिकेवर वराचें नांव छापून वधूचें गाळावें, तसा हा प्रकार आहे. आपलें गाणें एकट्याचें नसतें. ज्या तबलजीनें तासभर ठेका सांभाळून विलंबित लय ढळूं दिली नाहीं, त्याचें नांव त्याच्या नातवंडांसहि त्या सीडीवर सांपडूं नये, ही साधी चूक नव्हे, ही कृतघ्नता आहे. आमच्या स्नेह्यांनीं एका वहींत प्रत्येक सीडीपुढें साथीदारांचीं नांवें, जुने रेडिओ-श्रोते व गायकांचे शिष्य यांस विचारून, लिहून ठेवलीं आहेत. जेथें खात्री नाहीं तेथें जागा कोरी सोडली आहे. तीनशें सीडींपेक्षां आम्हांस ती एक वही अधिक मोलाची वाटली.

दुसरी तक्रार जुन्या तबकड्यांवरून काढलेल्या सीडींची. अल्लादियाखाँ १९४६ मध्यें गेले, पण त्यांचें गाणें तबकडीवर उतरलें नाहीं. तें आपणांस कायमचें अंतरलें. ज्यांचें उतरलें त्यांचें निदान नीट राखावें. परंतु खरखर काढण्याच्या नांवाखालीं कांहीं सीडींत आवाजाचा वरचा भागच पुसून टाकलेला आढळतो. खरखर जाते आणि तिजबरोबर स्वराची धारहि जाते. गायक कांबळ्याआडून गात आहे असें वाटतें. शिवाय जुन्या तबकड्या सर्वच नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नव्हत्या. ज्या गतीनें ती मुद्रित झाली तीच गति वाजवितांना ठेवली नाहीं, तर गायकाची पट्टी बदलते, तान उगाच चपळ किंवा उगाच जड होते, आणि नवीन विद्यार्थी त्या चुकीलाच घराण्याचें वैशिष्ट्य समजून गिरवूं लागतो. थोडी खरखर ठेवून गति व स्वर यांची काळजी घेतलेली सीडी सांपडली तर संग्राहकानें ती जपावी, मग ती पहिली असो वा पांचवी.

आतां यंत्रांविषयीं. जुन्या प्लेअरांचे भक्त सीडीच्या भक्तांहून अधिक कडवे असतात. सोनीच्या ‘सीडीपी-१०१’ मध्यें आंकड्यांचा आवाज करणारा १६ बिटांचा एकच घटक डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचें काम आळीपाळीनें करीत असे. त्यामुळें दोन बाजूंत सेकंदाच्या लाखाव्या भागाएवढें अंतर पडे. फिलिप्सच्या ‘सीडी-१००’ मध्यें घटक १४ बिटांचा होता, पण आंकड्यांची संख्या चौपट करून तो ती उणीव भरून काढी. या भेदांवरून एकाचा आवाज गोड, दुसऱ्याचा करडा, असे निवाडे दिले जातात, आणि त्यापायीं जुन्या प्लेअरला नव्याहून अधिक पैसे मोजले जातात. आम्हीं एकच सीडी स्नेह्यांच्या दोन्ही प्लेअरांवर आणि नातवाच्या संगणकावर ऐकली. फरक वाटला, पण डोळे मिटून कोणतें यंत्र वाजत आहे हें ओळखावयास सांगितलें, तेव्हां आम्हीहि चुकलों आणि स्नेहीहि चुकले. जुन्या यंत्रावर प्रेम जरूर असावें, परंतु त्या प्रेमास शास्त्र म्हणूं नये.

जुन्या यंत्राचा खरा गुण दुसराच आहे : तें उघडतां येतें. फिलिप्सच्या पहिल्या पिढ्यांतील वाचनयंत्रणा ओतीव धातूची असून तिचें भिंग कांचेचें आहे, आणि पेचकस घेऊन बसणारा माणूस तिची निगा राखूं शकतो. निलंग्याच्या काळ्या मातीची धूळ उन्हाळ्यांत दाराच्या फटींतून आंत येते आणि भिंगावर बसते. जुनें वंगण घट्ट होतें, सीडीचा खण पुढेंमागें नेणारा रबरी पट्टा सैल पडतो, आणि मग खण उघडेनासा होतो. हें सर्व आमचे स्नेही स्वतः दुरुस्त करतात. लेसरचें तेज मात्र कालांतरानें मंदावतें, आणि त्यावर दुसऱ्या मोडक्या यंत्रांतला भाग काढून बसविण्यावांचून उपाय नाहीं. म्हणूनच फळीखालीं एक निर्जीव प्लेअर कापडांत गुंडाळून ठेवलेला आहे. या खटपटींत जो वेळ जातो, तो आम्हांस व्यर्थ वाटत नाहीं. घरांतल्या वस्तूचें पोट आपणांस उघडतां यावें, हें सुख आजच्या यंत्रांनीं आपल्याकडून काढून घेतलें आहे.

शेवटीं एक आक्षेप उरतो, आणि तो सर्वांत बळकट आहे. आज सर्व संगीत महाजालावर मिळतें. बोट लावतांच कोणताहि राग खिशांतल्या फोनांत वाजतो. मग हा खटाटोप कशाला? याचें उत्तर असें कीं, जें मिळतें तें आज मिळतें. उद्यां तें तेथें ठेवावें कीं काढावें, हें ठरविणारा आपण नव्हे. शिवाय जें मिळतें तें कोणत्या प्रतीवरून घेतलें, किती छाटलें, किती पुसलें, हें तेथें बहुधा लिहिलेलें नसतें. कपाटांतली सीडी आपली असते, आणि ती अमुकच प्रत आहे हें तिच्या अंगावर छापलेलें असतें.

मात्र कपाटांतली सीडी अमर आहे असें समजणें हाहि भ्रमच. इंग्लंडांतील ब्लॅकबर्नच्या एका कारखान्यांत १९८८ ते १९९३ च्या दरम्यान निघालेल्या कित्येक सीडी वेष्टनाच्या कागदांतील गंधकामुळें तांबूस होऊन निकामी झाल्या. सीडीची छापील बाजू हीच तिची नाजूक बाजू. तेथील पातळ लेपाखालींच चकाकणारा थर असतो. तरीहि लोक चकचकीत बाजूस जपतात आणि छापील बाजू टेबलावर घासतात. घरीं नक्कल करून घेतलेल्या सीडींची गोष्ट तर याहून वाईट. त्यांत खळगे नसतात. रंगद्रव्यावर लेसरनें उमटविलेल्या खुणा असतात, आणि उष्णता व ऊन यांनीं तो रंग विटतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत खिडकीपाशीं ठेवलेल्या अशा नकला आम्हीं मुक्या झालेल्या पाहिल्या आहेत. गांवच्या भजनी मंडळांचीं, घरच्या वडीलधाऱ्यांचीं, लग्नांतल्या ओव्यांचीं मुद्रणें बहुधा अशाच नकलांवर आहेत. कंपनीच्या सीडीची दुसरी प्रत कोठें तरी असेल. आजीच्या ओवीची नाहीं. जपणूक करावयाची तर तिच्यापासून आरंभ केला पाहिजे.

या भागांतील माणसांस साठवणीचा फोलपणा कोणी शिकवावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपांत दगडमातीचीं घरें बसलीं, हजारों माणसें गेलीं. त्यांच्या दुःखापुढें वस्तूंची गोष्ट काढणेंहि अनुचित वाटतें. तरी त्या पहांटेनें एक धडा सर्वांसाठीं ठेवला आहे : जें एकाच घरांत आहे तें राखलेलें नव्हे. १९९० मध्यें मुंबईस स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेच्या मंडळींनीं जुन्या तबकड्यांच्या याद्या केल्या, माहिती छापली, एकमेकांस ऐकविलें. म्हणून त्या तबकड्यांतील गाणें आज अनेकांचें झालें आहे. तशी काळजी सीडींच्या बाबतींत घेणारीं घरें आम्हांस फार थोडीं आढळलीं.

तेव्हां आमचें मत थोडक्यांत असें. आरंभींच्या सीडी व जुने प्लेअर जमविणें हा वेडेपणा नव्हे. पण त्यांचें मोल पहिलेपणावरून, दुर्मिळतेवरून किंवा यंत्राच्या कल्पित गोडव्यावरून करूं नये. कोणती प्रत मूळ गाण्याशीं प्रामाणिक आहे, तिच्यावर कोणाकोणाचे श्रम आहेत, आणि ती किती जणांनीं एकत्र बसून ऐकली, हें पाहावें. निघतांना आमच्या स्नेह्यांनीं आपल्या वहीची एक नक्कल आणि त्या बागेश्रीची एक प्रत आमच्या हवालीं केली. वहींत त्या सीडीपुढें हार्मोनियमवाल्याची जागा कोरी आहे. वाचकांपैकीं कोणाच्या घरीं अशा जुन्या सीडी असतील, त्यांनीं एक संध्याकाळ काढून त्या ऐकाव्या आणि कोरी वही जवळ ठेवावी. अशा कित्येक जागा भरावयाच्या राहिल्या आहेत, आणि ज्यांना तीं नांवें ठाऊक आहेत तीं माणसें आतां म्हातारीं झालीं आहेत.